फळ्यावर हलका वारा

गुलमर्गला गोंडोलाच्या, म्हणजे तारेवरून वर नेणाऱ्या डब्यांच्या, तिकीट खिडक्यांसमोर एक काळा फळा आहे. रात्री किती बर्फ पडला, आज किती पडेल, अफरवतच्या कड्यावर वारा कसा राहील आणि वरचा टप्पा चालेल की बंद राहील, एवढं त्यावर रोज सकाळी खडूने लिहिलेलं असतं. परदेशी स्कीवाले त्याचा फोटो काढून नेतात. स्लेज ओढणारे, बूट-कोट भाड्याने देणारे, चहा-कहवावाले फळ्यावर एक नजर टाकतात आणि आज घरी काय शिजेल याचा अंदाज बांधतात. वरचा टप्पा बंद म्हणजे गिऱ्हाईक आल्या पावली खाली टंगमर्गला परत.

फळा लिहायचा लतीफ लोनने. बर्फातल्या बचाव पथकाचा तो प्रमुख. मॅनेजर साहेब खुर्चीत बसायचे खरे, पण कड्याचा विषय निघाला की तेही लतीफच्या तोंडाकडे बघायचे. लतीफ "बंद" म्हणाला की बंद. अशा माणसाला थोडा ताठा येतोच, आणि लतीफला तो आला होता. चालताना त्याची मान जराशी वरच असायची.

ती मान चिल्लई कलानच्या, म्हणजे काश्मिरातल्या सर्वांत कडक चाळीस दिवसांच्या, ऐन थंडीत खाली आली. लतीफने फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की दोन दिवस जबर हिमवादळ, वारा धोक्याचा, वरचा टप्पा बंद. वादळ निघालंही होतं, श्रीनगरच्या हवामानवाल्यांचंही तेच म्हणणं होतं. पण वाटेत त्याचं काय बिनसलं कोण जाणे, ते पलीकडच्या रांगांवर जाऊन कोसळलं आणि गुलमर्गवर दोन दिवस असं ऊन पडलं की बायकांनी गाद्या वाळत घातल्या. पर्यटक गाड्या भरून पहलगामला निघून गेले. बाजारातले लोक हात चोळत उन्हात बसले आणि बसल्या बसल्या त्यांनी लतीफला पार सोलून काढलं.

यात पुढाकार रसूलकाकचा. रसूलकाक कड्याच्या खांद्यावर ताडपत्रीखाली कहवा विकायचा. वय झालेलं, दात गेलेले, पण जिभेला धार अशी की समोरच्याला कापला गेल्याचं घरी गेल्यावर कळावं. सकाळी रोटीवाल्या कांदुरच्या दुकानात सगळे जमले असताना तो म्हणाला, "अरे कांदुर, तंदूर नीट झाक बाबा. लतीफने फळ्यावर वारा लिहिलाय. तुझ्या रोट्या उडून पार बारामुल्ल्यात जातील."

सगळे खो खो हसले. लतीफही उसनं हसला. "रसूलकाक, वादळ बाजूने निघून गेलं. आता मी काय त्याला दावं लावून आणू?"

"नको, नको. आणायची तसदी नको घेऊस. नुसतं नावात राहू दे. लतीफ वाव."

वाव म्हणजे तिथल्या बोलीत वारा. झालं, नाव पडलं. दुसऱ्या गावात टोपणनाव म्हणजे चार दिवसांची गंमत. काश्मिरात तसं नसतं. तिथे नाव एकदा चिकटलं की ते बापाकडून पोराकडे आणि पोराकडून नातवाकडे जातं. पट्टणच्या एका गृहस्थाच्या पणजोबाचं कधीतरी कावळ्याशी भांडण झालं होतं. आज त्या घरातला इंजिनियर पोरगा सरकारी कागदावर आडनाव लावतो काव. लतीफला हे पक्कं माहीत होतं, म्हणून तर ते नाव त्याच्या जिव्हारी लागलं. शाळेतली पोरं त्याला बघून "वाव आला, टोप्या सांभाळा" म्हणत डोक्यावर हात ठेवायची. स्लेजवाले गालातल्या गालात हसायचे.

हेही त्याने गिळलं असतं. पण वसंतात त्याच्या मुलीचं, इन्शाचं, लग्न होतं, मगामच्या चांगल्या घरात. एके दिवशी व्याह्यांचा फोन आला आणि पलीकडून गडगडाटी हसत ते म्हणाले, "काय वाव साहेब, हवा कशी आहे तिकडची?" लतीफ हसला. फोन ठेवला आणि कांगडीतल्या निखाऱ्यांकडे बघत बसला.

त्याची बायको फजी म्हणाली, "हसण्यावारी न्या ना. नावाने कुणी मरतं का?"

"मरत नाही. पण आपल्या पोरीला तिकडे जन्मभर वावची पोर म्हणतील. तिच्या पोरांना वावचे नातू."

"म्हणू देत. तुम्ही वारा आहे तिथे वारा लिहिलात. उद्याही लिहा."

"तुला काय जातंय बोलायला," असं म्हणून लतीफ उठून गेला. फजीचं बोलणं खरं होतं आणि खरं होतं म्हणूनच त्याला ते नको होतं.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. कड्याच्या टोकाला वारा मोजायचं यंत्र आहे. चार वाट्या वाऱ्याने गरगर फिरतात आणि वेग खाली खोलीतल्या पडद्यावर दिसतो. पण रात्री कड्यावर ओलं धुकं बसलं की त्या वाट्यांवर बर्फाची साय धरते. वाट्या जड होतात, जेमतेम हलतात, आणि खाली पडद्यावर वारा दिसतो अगदी गरीब. म्हणून धुक्याच्या रात्रीनंतर पथकातला माणूस पहिल्या डब्यातून वर जातो, काठीने ठोकून वाट्या मोकळ्या करतो, मग वेग बघतो, मग फळा लिहिला जातो. ही पद्धत लतीफनेच पाडली होती. नव्या पोरांना तो कानीकपाळी ओरडून सांगायचा की काठी मारल्याशिवाय त्या यंत्राचा एक शब्द खरा मानायचा नाही.

त्या रविवारी उजाडलं ते काचेसारखं स्वच्छ. रात्री मात्र कड्यावर धुकं बसलेलं लतीफने स्वतः पाहिलं होतं. सकाळी तो बाहेर आला तेव्हा अफरवतच्या माथ्यावरून पांढरा धूर निघत होता. धूर कसला, वाऱ्याने उडणारा भुसभुशीत बर्फ तो. बारीक रेघ होती, नवख्याला दिसलीही नसती. लतीफला दिसली. सकाळी अशी रेघ दिसली की दुपारच्या नमाजापर्यंत कड्यावर उभं राहता येत नाही, हे त्याने कितीतरी वर्षं पाहिलं होतं.

खाली खिडक्यांसमोर ही गर्दी. सुट्टीचा दिवस, गाड्यांवर गाड्या. मॅनेजर साहेब पडद्यासमोर बसले होते.

"लतीफ, यंत्र तर हलका वारा दाखवतंय. वरचं उघडायचं ना?"

"काठी मारून यायला हवं," असं लतीफच्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात साहेब म्हणाले, "की आजही तुझं वादळ येतंय?" आणि खोलीतले दोघं-तिघं हसले.

लतीफ खडू घेऊन बाहेर आला. फळ्यासमोर नेहमीचे सगळे उभे होते. कुणीतरी मागून विचारलं, "वाव साहेब, आज काय, वादळ की तुफान?" पुन्हा हसू. रसूलकाक पाठीवर कहव्याच्या सामोवारची टोपली घेऊन सर्वांत पुढे. लतीफने खडू फळ्याला टेकवला आणि त्याचा हात थबकला. मनात म्हणाला, यंत्र हलका दाखवतंय. आपण यंत्राचं लिहितोय. उद्या कुणी विचारलं तर यंत्र आहे. आणि कदाचित नाही येणार वारा, मागच्या खेपेला कुठे आला? आपण स्वतःला फसवतोय हे त्याला त्या क्षणीही कळत होतं. आपल्याला ठाऊक नव्हतं, असं त्याला पुढे कधी म्हणता आलं नाही.

त्याने लिहिलं, वारा हलका. वरचा टप्पा सुरू.

"शाब्बास," रसूलकाक म्हणाला, "आज फळा माणसात आला." आणि टोपली सावरत तो डब्यांकडे गेला. गर्दी त्याच्या मागोमाग. लतीफ फळ्यावरची खडूची भुकटी पुसत राहिला. पुसण्यासारखं तिथे काही नव्हतं.

दुपारी वारा आला तो दार लाथेने उघडावं तसा. गोंडोला थांबला. मधल्या लोंबकळणाऱ्या डब्यांतल्या माणसांना इंजिनावर हळूहळू ओढून स्टेशनात घेतलं, रडारड झाली, पण ती सगळी सुटली. अडकले ते कड्याच्या खांद्यावर कहवा प्यायला गेलेले. भाड्याच्या रबरी बुटांतली, कधी बर्फ न पाहिलेली माणसं. वरचं स्टेशन तिथून हाकेच्या अंतरावर, पण उडत्या बर्फात स्वतःचा हात दिसत नव्हता, तिथे स्टेशन कुठलं दिसायला?

लतीफ पथक घेऊन वर चढला. चढताना घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला कातडी पट्टे बांधून, वाऱ्यात वाकून, वाटेत दोनदा आडवा होत. सगळा रस्ता तो एकच गोष्ट मागत होता, या अल्ला, कुणी मेलेलं नको. ताडपत्रीपाशी पोचला तेव्हा खाली माणसं एकमेकांना बिलगून बसली होती आणि ताडपत्रीचा दोर हाताला गुंडाळून रसूलकाक बाहेरच्या बाजूला बसला होता. गाठ सुटली म्हणून त्याने हातमोजे काढले होते, ती परत बांधता येईना म्हणून दोर हातालाच गुंडाळला होता. हातमोजे केव्हाच उडून गेले होते.

"आलास?" तो म्हणाला. "हा दोर सोडव रे. मला बोटं सापडेनात."

सगळे जिवंत खाली आले. रसूलकाकच्या उजव्या हाताची बोटं मात्र श्रीनगरच्या डॉक्टरांना काढावी लागली.

आणि मग लतीफचे खरे हाल सुरू झाले, कारण त्याला कुणी बोल लावला नाही. चौकशीला श्रीनगरहून मोठे साहेब आले, वाट्यांवरची साय पाहिली आणि म्हणाले की यंत्र गोठलं, माणूस काय करणार. काठी का मारली नाही, हे त्यांना विचारायचं सुचलं नाही, आणि पथकातल्या ज्या पोरांना सुचलं असतं त्यांची लतीफवर एवढी श्रद्धा की त्यांच्या मनालाही ते शिवलं नाही. वाचलेल्यांपैकी एकाने लतीफचा फोटो पेपरात छापून आणला. मॅनेजर साहेबांनी सर्वांसमोर त्याच्या खांद्यावर शाल घातली. टाळ्या वाजत होत्या आणि लतीफला वाटत होतं की पायाखालचा बर्फ फाटावा आणि आपण आत जावं. व्याह्यांचा फोन आला. "आम्ही मगामभर सांगतोय, हे आमचे व्याही म्हणून." वाव हे नाव बाजारातून असं नाहीसं झालं की जणू कधी नव्हतंच. आता सगळे लतीफ साहेब म्हणायचे. शाळेतली पोरं सलाम करायची. ज्या नावासाठी त्याने हे केलं होतं ते त्याला धुऊन पुसून परत मिळालं, आणि ते ऐकताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

फजी म्हणाली, "लोक तोंड भरून कौतुक करतायत आणि तुमचंच तोंड का पडलंय?"

"थंडी बाधली," तो म्हणाला. ताटातला भात तसाच राहिला.

रसूलकाक इस्पितळातून घरी आल्याचं कळलं तेव्हा तो त्याच्या गावी, द्रुंगला गेला. जाताना कांदुरकडून ताज्या रोट्या घेतल्या. कांदुरने त्याला रांगेतून पुढे बोलावलं, तेही त्याला नको झालं.

रसूलकाक खिडकीपाशी बसला होता, कांगडी ढगळ फेरनच्या आत, बांधलेला हात उशीवर. त्याची बायको, सगळे तिला जूनदेद म्हणायचे, त्याला मिठाचा चहा पाजत होती. डाव्या हाताने प्यायला गेला तर फेरनवर सांडायचा म्हणून पेला तिने धरला होता. लतीफला बघताच पेला ठेवून ती उठली, दोन्ही हातांनी त्याचं डोकं खाली ओढून कपाळाचा मुका घेतला आणि म्हणाली, "तू होतास म्हणून माझा म्हातारा घरी आला. अल्ला तुझ्या इन्शाचं भलं करो."

लतीफ तिच्यासमोर खाली बसला.

"जूनदेद, असं बोलू नका," तो म्हणाला. "रसूलकाक, मला काही सांगायचंय. त्या दिवशी मी काठी मारायला कुणाला पाठवलं नाही. यंत्र गोठलंय हे मला ठाऊक होतं. वारा येणार, तेही ठाऊक होतं. कड्यावर धूर होता. मी पाहिला आणि तरी हलका लिहिलं. सगळे हसतील म्हणून लिहिलं."

जूनदेदने सामोवारातून चहा ओतला, पेला लतीफच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "पी. निवतोय." मग ती भिंतीकडे तोंड करून रोट्या फडक्यात गुंडाळू लागली. लतीफने पेल्याला हात लावला नाही.

रसूलकाक म्हणाला, "धूर मलाही दिसला होता."

"मग गेलात कशाला वर?"

"तू लिहिलं होतंस म्हणून." तो साधेपणाने म्हणाला, आणि ते शिवीपेक्षा वाईट होतं. "तुझी टिंगल करतो मी, ती खाली बाजारात, रोटी खाताना. वर कधी तुझ्या फळ्याबाहेर गेलोय? ते दोन दिवस ऊन पडलं होतं तेव्हा सगळे तुला शिव्या घालत होते, सर्वांत जास्त मी. पण सामोवार उचलून मधल्या कोंगडोरी स्टेशनापर्यंत तरी गेलो का? घरी बसून शेंगदाणे फोडले. त्या रविवारी धूर पाहिला, मग फळा वाचला. म्हटलं, रसूल, तुझे डोळे गेले. लतीफला तुझ्यापेक्षा जास्त दिसतं."

लतीफच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्याने ते पुसलंही नाही. "मी उद्या फळ्यासमोर उभा राहतो. सगळ्या बाजारासमोर सांगतो, मॅनेजरलाही सांगतो. नोकरी गेली तर जाऊ दे. मगामवाल्यांना लग्न मोडायचं तर मोडू दे."

"सांगू नकोस."

"का? माझी दया येते तुम्हाला?"

"दया?" रसूलकाक पहिल्यांदाच हसला, पण ते हसू बाजारातलं नव्हतं. "तुझं थोबाड फोडावंसं वाटतंय मला. फोडायचा हात हा असा आहे म्हणून बसलोय. ऐक. तू सांगशील आणि मोकळा होशील. लोक चार दिवस थुंकतील, मग म्हणतील, जाऊ दे, बिचारा खरं तरी बोलला. तुझं भागेल. आणि फळ्याचं काय? पुढच्या वेळी तू जोराचा वारा लिहिशील आणि पोरं म्हणतील, हा तर लोकांची तोंडं बघून लिहितो, चला वर. आता माझा सामोवार माझा जावई नेतो. तो रोज सकाळी तुझा फळा वाचून जातो. त्याने कुणाचं वाचायचं?"

लतीफने आता कुठे डोळे पुसले.

"तुझी लाज तुझ्यापाशी ठेव," रसूलकाक म्हणाला. "फळा आम्हाला लागतो."

मग त्याने जूनदेदला खूण केली आणि तिने पुन्हा पेला त्याच्या ओठांना लावला. लतीफ उठला तेव्हा त्याला कुणी थांब म्हणालं नाही. काश्मिरी घरातून पाहुणा चहा न घेता निघाला आणि कुणी आग्रह केला नाही, असं त्याने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. आपल्याला हेच शोभतं, असं त्याला दारात बूट घालताना वाटलं.

त्यानंतर पुन्हा एकदा कड्यावर रात्रभर धुकं बसलं. सकाळी पहिल्या डब्यातून लतीफ स्वतः वर गेला. काठीने ठोकून वाट्या मोकळ्या केल्या आणि वाऱ्याचा जोर वाढताना पाहिला. ढग पश्चिमेकडून चढत होते. खाली येऊन त्याने लिहिलं, वारा जोराचा, दुपारनंतर धोक्याचा. वरचा टप्पा बंद.

पर्यटक कुरकुरले. मॅनेजर साहेबांनी एक शब्द न विचारता खिडकीवर बंदची पाटी लावली. स्लेजवाले फळा वाचून मुकाट्याने पांगले. रसूलकाकचा जावई आला, त्याने वाचलं, पाठीवरची टोपली उतरवून ठेवली आणि छातीवर हात ठेवून लतीफला सलाम केला.

दुपारी ढग फाटले. वारा पडला. अफरवत असा लख्ख उभा राहिला की त्याच्यावरची एकेक घळ मोजता यावी. लतीफचं पुन्हा चुकलं होतं. फळ्याशेजारी उभा राहून तो वाट बघत राहिला की आता कुणीतरी बोलेल, कुणीतरी टोपीवर हात ठेवेल, निदान एकजण हसेल. बाजार भरून लोक उन्हात बसले होते, रिकाम्या हातांनी.

एका पर्यटकाने आकाशाकडे बोट दाखवून विचारलं की हे असं ऊन आणि म्हणे वारा, कुणी लिहिलं हे? रसूलकाकच्या जावयाने त्याला बाजूला घेतलं आणि लतीफला ऐकू जाणार नाही अशा बेताने, अदबीने सांगितलं, "लतीफ साहेबांनी लिहिलंय ना, म्हणजे काहीतरी कारण असेल."

लतीफला ते ऐकू गेलं. त्याने फळ्याकडे तोंड फिरवलं आणि हातातला खडू खिशात घातला.